नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



आपल्या मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचेच काय ते अंतर आहे. पहिली क्रिया पाळण्यापाशी होते, दुसरी माणसाच्या पाठीमागे. पाळण्यातल्या मुलाचे नाव आत्या ठेवते. ती त्याच्या कानात 'कुर्र' करते आणि भोवतालच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. पण सबंध जमातीचे नाव ठेवायचे असते तेव्हा आत्या कोण होते? ती नाव ठेवते की नावे ठेवते? आणि तिच्या पाठीत धपाटा घालणारे कोणी असते की नाही? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

हा विषय मला एका व्यापारी गृहस्थांनी दिला. त्यांचे दुकान नंदुरबारच्या बाजारात आहे आणि माणूस सरळ आहे. ते म्हणाले, "आमचे आजोबा 'भिल्ल' म्हणत. शाळेत आम्ही 'वनवासी' ऐकले. वर्तमानपत्रात 'आदिवासी' छापून येते. कचेरीत 'अनुसूचित जमाती' लिहितात. आता कॉलेजातली मुले 'मूलनिवासी' म्हणतात. गिऱ्हाईक तेच, डोंगर तेच. मग दर वीस वर्षांनी नाव बदलण्याचे हे खूळ कशासाठी? आणि आम्ही तोंडाने म्हणावे तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात शंभरांतील सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. तेव्हा हा प्रश्न इथे नाही विचारायचा तर कुठे? मी स्वतः आदिवासी नाही आणि विद्वानही नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि मजुरांच्या बैठकांत झाले. या दोन ठिकाणी जे कळले तेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम जुनी नावे पाहू. निषाद, शबर, पुलिंद, किरात ही नावे संस्कृत ग्रंथांत येतात. ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांनी ती लिहिली. शबरीचीच गोष्ट घ्या. 'शबरी' म्हणजे शबर जमातीची स्त्री. म्हणजे हे जमातीचे नाव झाले, बाईचे नव्हे. बोरांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्या बाईच्या आईने तिला कोणत्या नावाने हाक मारली असेल हा प्रश्न आपल्या मनात कधी आला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी मला तिच्याकडे परत यायचे आहे.

मग 'भिल्ल'. या शब्दाचा संबंध द्राविड भाषांतील धनुष्यवाचक शब्दाशी, म्हणजे 'बिल्लु', 'विल्' अशा रूपांशी लावण्याचा प्रघात आहे. तो मान्य केला तर हे हत्याराचे नाव ठरते. कोणी तरी धनुष्य पाहिले आणि ते धरणाऱ्या सगळ्यांना एकच नाव देऊन टाकले. आपल्या अक्कलकुवा-तळोद्याकडे काठी आणि इतर मेवासी संस्थाने होती. मवास म्हणजे आडरानातली आश्रयाची जागा. तिथे राहून सरकारला न जुमानणारा तो मेवासी. एक नाव हत्यारावरून पडले, दुसरे दरबाराला झालेल्या त्रासावरून. दोन्ही नावांत ज्याने पाहिले त्याची नजर आहे. ज्याला पाहिले त्याचे मनोगत नाही.

डोंगरात वर चढत गेले की 'भिल्ल' हा एकच शब्द पुरत नाही. धडगावकडे पावरा आणि नहाल भेटतात. नवापूरकडे मावची, गावित, कोकणी. तळोदा-अक्कलकुव्याकडे वसावे, वळवी, तडवी, पाडवी. पावरी, मावची, देहवाली, नोयरी अशा बोली वेगळ्या, सोयरिकीचे रिवाज वेगळे. दुरून पाहणाऱ्याला एक नाव पुरते, जवळ राहणाऱ्याला दहा लागतात, हा नियमच आहे. आणि तो आपल्यालाही लागू आहे बरे! नर्मदेपलीकडे अलिराजपूरच्या डोंगरात बाहेरच्या माणसाला 'बाजारिया' म्हणतात. त्यात ब्राह्मण आला, वाणी आला, गुजर, मराठा, मुसलमान सगळे आले. आपण आपापसांत कितीही भेद मानले तरी डोंगरावरून ते दिसत नाहीत. जो बाजारात बसतो तो बाजारिया. हा शब्द ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले, काहींना थोडे टोचलेही असेल. जे टोचले ते जपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता सरकारकडे वळू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांच्या लेखी भिल्ल हा प्रथम बंदोबस्ताचा प्रश्न होता. म्हणूनच १८२५ मध्ये औट्रम साहेबाने भिल्लांचीच पलटण उभी केली. पुढे शिरगणती सुरू झाली आणि नावांचा कारखाना निघाला. १८९१ च्या जनगणनेत या लोकांना 'वनजमाती' म्हटले. १९०१ मध्ये त्यांचे 'ॲनिमिस्ट' झाले, म्हणजे वस्तुमात्रात आत्मा मानणारे. १९११ मध्ये 'जमातधर्मी ॲनिमिस्ट'. १९२१ मध्ये 'डोंगरी व वन्य जमाती'. १९३१ मध्ये 'आदिम जमाती'. १९३५ च्या कायद्यात 'मागास जमाती'. १९४१ मध्ये नुसतेच 'जमाती'. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने 'अनुसूचित जमाती'. साठ वर्षांत आठ बारशी झाली! यांपैकी एकाही बारशाचे आमंत्रण तोरणमाळच्या पठारावर गेले नव्हते. आमचे व्यापारी मित्र म्हणतात की 'हे लोक सारखी नावे बदलतात'. हिशेब पाहिला तर असे दिसते की नावे बदलणारे कचेरीत बसले होते; डोंगरातला माणूस आपल्या घरी पावराच होता आणि मावचीच होता.

पंडितांचेही तसेच. आपल्या मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. 'तथाकथित मूळ रहिवासी' असा त्याच्या नावातच टोला होता आणि 'मागासलेले हिंदू' असे यांना म्हणावे असे त्यांचे मत होते. दुसऱ्या बाजूला व्हेरिअर एल्विन यांचे म्हणणे की या लोकांचे वेगळेपण जपले पाहिजे. वाद मोठा रंगला. १९५९ मध्ये घुर्ये यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली ती 'अनुसूचित जमाती' या नावाने. पंडिताला आपल्या ग्रंथाचे बारसे दुसऱ्यांदा करावे लागले, ते सरकारी नावाने.

कोणी म्हणेल, ही सगळी साहेबांची आणि पंडितांची गोष्ट झाली. पण आपल्या लोकांनी प्रेमाने नावे दिली ती तरी चांगली ना? त्याचे उदाहरण नवापूरच्या सीमेपलीकडेच आहे. दक्षिण गुजरातेत चौधरी, गामीत, धोडिया, दुबळा या सर्वांना मिळून 'काळीपरज' म्हणत, आणि वरच्या जातींना 'उजळीपरज'. परज म्हणजे प्रजा. म्हणजे एक काळी प्रजा आणि एक उजळ प्रजा! अमेरिकेतला गोऱ्या-काळ्यांचा भेद आपल्याला दूरचा वाटतो. तो आपल्या शेजारच्या तालुक्यात रोजच्या बोलण्यात होता. १९२५ च्या जानेवारीत वेडछी येथे काळीपरज परिषद भरली, तिला गांधीजी आले होते. तेव्हापासून 'काळीपरज' टाकून 'रानीपरज' हे नाव रूढ करण्यात आले. इथे रानी म्हणजे राणी नव्हे. रानातली ती रानी. हेतू निःसंशय चांगला होता, आणि 'काळी' हा शब्द गेला हे उत्तमच झाले.

पण त्याच भागात 'दुबळा' नावाची जमात होती. नावाचा अर्थ जो ऐकू येतो तोच सांगतात, दुर्बल. हे लोक पिढ्यान् पिढ्या मालकाच्या घरी हाळी म्हणून बांधलेले असत. त्यांना 'हळपती' हे नवे नाव मिळाले. हळपती म्हणजे नांगराचा धनी. नाव किती भारदस्त! पण नांगर, बैल आणि जमीन ही तिन्ही दुसऱ्याचीच राहिली. आज आपल्या राज्याच्या यादीत 'दुबळा' आणि 'हळपती' ही दोन्ही नावे शेजारी शेजारी छापलेली आहेत. भांडे नवे आणले, पण त्यात तेच नासके ताक ओतले, तर दोन दिवसांत भांड्यालाही तोच वास लागतो. शब्दांचे असेच होते. तुच्छता मनात तशीच ठेवून नवा शब्द काढला तर काही वर्षांत तुच्छता त्या शब्दात उतरते, आणि मग आणखी नवा शब्द शोधावा लागतो. व्यापारी मित्रांच्या 'दर वीस वर्षांनी' या तक्रारीचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. वेडछीच्या परिषदेआधी, १९२२ मध्ये, त्या मुलखात 'देवी'ची चळवळ उठली होती. अंगात येणाऱ्या देवीच्या नावाने हजारो लोकांनी दारू आणि ताडी सोडली आणि दारूविक्रेत्यांकडे कामाला जाणे बंद केले. माणसे आधी उठून उभी राहिली होती. नाव मागाहून आले.

आपल्या तळोदा तालुक्यातले उदाहरण तर याहून बोलके आहे. १९३० नंतरच्या दशकात मोरवड येथे गुलाम महाराजांनी आदिवासींना एकत्र केले. दारू सोडा, स्वच्छ राहा, आरतीला या, एवढाच उपदेश. पुढे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य चालविले. या पंथाने जमातीला नवे नाव दिलेच नाही. त्यांनी एक निराळीच गोष्ट केली. अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणून लागले. भेटल्यावर 'आप की जय'! ज्या माणसाला सावकार, जमादार, कारकून, सगळेच 'अरे-तुरे' करीत, त्याने आपल्या शेजारच्या तशाच माणसाला 'आप' म्हटले. नामाच्या जागी त्यांनी सर्वनाम बदलले. मी अनेक व्याकरणे चाळली आहेत, पण सर्वनामाची एवढी ताकद मला कोणत्याही व्याकरणाने शिकविली नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील नामांतराच्या इतिहासात हे पान सर्वांत वर ठेवावे.

त्याच मार्गाने पुढे शहाद्याकडे अंबरसिंग महाराज आले. भिल्ल सालदारांना आणि मजुरांना त्यांनी हक्कासाठी उभे केले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना निघाली. 'श्रमिक' हे नाव कामावरून घेतलेले आहे, जातीवरून नव्हे. आमच्यासारख्या संघटनेच्या माणसांना ते साहजिकच प्रिय. पण खरे सांगायचे तर आम्हा लोकांचीही एक चूक झाली. 'मजूर' म्हटले की सगळे आले, मग जमातीचे नाव कशाला, असे आम्ही मानीत होतो. अनुभव असा की एकाच शेतात एकाच कामाला आलेल्या दोन मजुरांत ज्याला जातीवरून हाक मारली जाते त्याला मजुरीही हाकेप्रमाणेच मिळते. म्हणून मजूर हे नाव खरे आहे, पण पुरेसे नाही.

आता 'आदिवासी' या शब्दाकडे येऊ. तो फार जुना नाही. १९३० नंतरच्या दशकात तो रूढ झाला, आणि १९३८ मध्ये छोटा नागपूर भागात आदिवासी महासभा स्थापन झाली तेव्हा त्याला घर मिळाले. या महासभेचे पुढारी जयपालसिंह मुंडा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे ते कप्तान होते. घटना समितीत १९४६ च्या डिसेंबरात ते बोलायला उभे राहिले तेव्हा, आपल्याला लोक 'जंगली' म्हणून ओळखतात आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे, अशा आशयाचे ते बोलले. पुढे घटनेत 'आदिवासी' हाच शब्द हवा असा त्यांनी आग्रह धरला. १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला उत्तर दिले. त्याचे तात्पर्य असे की 'आदिवासी' हा सामान्य शब्द आहे, त्याला कायद्यात ठरीव अर्थ नाही. 'अनुसूचित जमाती' म्हटले की यादी आली, आणि यादीत कोण आहे हे निश्चित सांगता येते.

बाबासाहेबांना नावाची किंमत कळत नव्हती असे कोणी समजू नये. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणण्याचे घाटत होते. भाऊराव गायकवाडांनी त्याला विरोध केला, आणि तो मानला जात नाही असे दिसताच बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर गेले. ज्यांचे नाव ठेवायचे त्यांना विचारा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणजे जयपालसिंहांना मान हवा होता आणि बाबासाहेबांना हक्काची पक्की नोंद हवी होती. मला विचाराल तर दोघेही बरोबर होते. मानाचा शब्द आणि नोंदीचा शब्द ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच शब्दाने दोन्ही होतीलच असे नाही. आपल्या राज्यातही खात्याचे नाव 'आदिवासी विकास विभाग' आहे, आणि त्याच सरकारच्या दाखल्यावर 'अनुसूचित जमाती' लिहिलेले असते.

'वनवासी' हा शब्द १९५२ मध्ये जशपूर येथे स्थापन झालेल्या वनवासी कल्याण आश्रमामुळे देशभर गेला. त्या संस्थेच्या वसतिगृहांत अनेक मुले शिकली, हे मान्य केले पाहिजे. पण शब्दापुरते बोलायचे तर 'वनवासी' ठिकाण सांगतो आणि 'आदिवासी' काळ सांगतो. सरदार सरोवरामुळे आपल्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावांना झळ पोचली. तिथल्या माणसाला उठवून सपाटीवरच्या वसाहतीत आणले. आता तो वनात राहत नाही, म्हणून तो वनवासी उरला नाही काय? 'आधीपासून राहणारा' हा दावा मात्र घर हलविल्याने पुसला जात नाही. म्हणूनच एका शब्दावर जमिनीचा हक्क सांगणारे जोर देतात आणि दुसऱ्यावर दुसरे. जगाच्या दरबारातही हाच वाद आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला. १९८९ चा १६९ क्रमांकाचा, अधिक हक्क देणारा करार मान्य केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरविलेला ९ ऑगस्टचा दिवस मात्र आपल्याकडे 'जागतिक आदिवासी दिन' म्हणून ढोल-बासऱ्यांच्या गजरात साजरा होतो. लोकांनी आपल्यापुरता निकाल दिला आहे. आज सभेत, फलकावर, गाण्यात ते स्वतःला 'आदिवासी' म्हणतात, आणि घरी गेले की पावरा, मावची, कोकणी.

थोडे अमेरिकेत डोकावू, म्हणजे आपलाच प्रश्न दुसऱ्या आरशात दिसेल. तिथल्या गुलामांच्या वंशजांना पूर्वी 'कलर्ड' म्हणत. मग 'निग्रो' हा मानाचा शब्द झाला. १९३० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो मोठ्या अक्षराने छापायचे ठरविले तेव्हा तो विजय मानला गेला. १९६६ नंतर तरुणांनी 'ब्लॅक' म्हणजे काळा, हा जुना शिवीवजा शब्द छाती पुढे काढून उचलला. १९८८ नंतर 'आफ्रिकन अमेरिकन' आला. तिथला एक शाळकरी मुलगा १९२८ मध्ये डॉ. ड्यूबॉइस या थोर पुढाऱ्याला पत्र लिहून विचारतो की आपल्याला 'निग्रो' का म्हणता? ड्यूबॉइस यांचे उत्तर असे होते की नाव आणि वस्तू यांत घोटाळा करू नकोस. नाव बदलल्याने द्वेष जाणार नाही, आणि द्वेष गेला तर नाव बोचणार नाही.

उत्तर शहाण्याचे आहे, पण मला त्यात थोडे उणे वाटते, आणि ते उणे भरून काढणारी गोष्ट त्याच देशातल्या मजुरांनी केली. पुलमन कंपनीच्या आगगाडीच्या शयनडब्यांत काम करणारे काळे हमाल होते. त्या सगळ्यांना उतारू 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत, कारण कंपनीच्या मूळ मालकाचे नाव जॉर्ज पुलमन! गुलामाला मालकाचे नाव, ही जुनी चाल. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी त्यांची युनियन बांधली, आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. त्यांच्या लढ्यात पगार होता, कामाचे तास होते, आणि आम्हाला आमच्या नावाने हाक मारा हेही होते. भाकरी आणि नाव या दोन वेगळ्या मागण्या नाहीत, हे त्या हमालांना पंडितांहून चांगले कळले होते.

आपल्याकडे तर नाव म्हणजे अक्षरशः भाकरी आहे. घटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे यादीत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलबा-कोष्टी प्रकरणात सांगितले की यादीत नाव जसे आहे तसेच वाचायचे. त्यात आणखी कोण येतो याची चौकशी न्यायालयानेही करायची नाही. धनगर समाजाचा वाद आपल्याला ठाऊक आहे. यादीत 'धनगड' असे छापले आहे. तो 'धनगर'च होय, असे एका बाजूचे म्हणणे, आणि ती वेगळी जमात होय, असे दुसऱ्या बाजूचे. एका अक्षरावर लाखो माणसांचे डोळे लागलेले आहेत. 'तडवी' हा शब्द पाहा. यादीत तो भिल्लांच्या नोंदीतही आहे आणि धानकांच्या नोंदीतही. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत. आपल्या अक्कलकुव्याकडचे तडवी निराळे. शब्द एक, माणसे दोन. शाळेतल्या गुरुजींनी पन्नास वर्षांपूर्वी आजोबांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात घाईने काय लिहिले यावर आज नातवाचा दाखला टिकतो किंवा अडतो. लेखणीच्या एका फटकाऱ्याचे व्याज तिसरी पिढी फेडते.

आता शेवटचे नाव. आपल्या डोंगरातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो माणसे ऊसतोडीला खाली जातात, काही गुजरातेत, काही आपल्याच राज्यात. तिथे त्यांना भिल्लही म्हणत नाहीत आणि आदिवासीही म्हणत नाहीत. तिथे त्यांचे नाव 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. 'यंदा किती कोयते आणलेस?' असे मुकादमाला विचारतात. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. पाहा, कोणे एके काळी कोणी तरी धनुष्य पाहून एका लोकसमूहाला नाव दिले. आज त्याच लोकांना कोणी तरी कोयता पाहून नाव देतो. हत्यार बदलले, नजर तीच.

काही वर्षांपूर्वी अशा एका टोळीतली एक बाई मोळी घेऊन ट्रकवर चढताना फळीवरून पडली आणि तिचा पाय मोडला. भरपाईसाठी आम्ही अर्ज केला. समोरून विचारणा झाली की ही बाई तुमची मजूर होती याला पुरावा काय? मुकादमाची वही मागविली. तिच्यात तिच्या नवऱ्याचे नाव होते आणि पुढे 'कोयता १' असे होते. म्हणजे बाई त्या एकच्या आकड्यात होती, पण नावाने कुठेच नव्हती. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मजुराला ठेकेदाराने छायाचित्रासह पासबुक द्यावे, असे १९७९ च्या कायद्यात होते. आमच्या त्या टोळीत ते एकाजवळही नव्हते. मी तावातावाने बोललो, कागद काढले, आणि आमचाच अर्ज पुन्हा वाचून दाखवू लागलो. त्यात मीच लिहिले होते: 'सदर आदिवासी महिला मजूर, अमुक याची पत्नी'. तिचे नाव मीही घातले नव्हते. ती कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती. तिने आपल्या बोलीत विचारले त्याचा अर्थ असा, "भाऊ, त्यात माझे नाव कुठे आहे?" मी 'आदिवासी' हा शुद्ध, सन्मानाचा शब्द वापरला होता, त्या शब्दाखाली तिला मुकादमाइतकेच झाकून टाकले होते. पुढे थोडीफार रक्कम मिळाली, ती नवऱ्याच्या नावावर. त्या दिवसापासून आमच्या वहीत बाईचा रकाना वेगळा आहे.

तेव्हा आमच्या व्यापारी मित्रांना माझे उत्तर असे आहे. नाव दर वीस वर्षांनी बदलते कारण आपण शब्द बदलतो आणि वागणूक तशीच ठेवतो. जे नाव लोकांनी स्वतः उठून घेतले ते टिकते. जे वरून दिले ते विटते. म्हणून समूहाविषयी बोलायचे असेल तर ते स्वतःला जे म्हणतात तेच म्हणावे. आज ते 'आदिवासी' म्हणतात, उद्या दुसरे काही म्हणाले तर कुरकुर न करता तेही म्हणावे. दाखल्यावर यादीतले नाव अक्षर न् अक्षर बरोबर लिहावे, कारण त्यावर कोणाचे शिक्षण अवलंबून आहे. आणि समोर माणूस उभा असेल तर 'अरे-तुरे' सोडून त्याला त्याच्या नावाने हाक मारावी.

हे अवघड आहे असे मात्र म्हणू नका. आपल्या दुकानाच्या उधारीच्या वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, पाडा, सगळे अचूक लिहिलेले असते. मुकादमाच्या उचलीच्या कागदावर त्याचा अंगठाही असतो. जिथे तो देणेकरी आहे तिथे आपण त्याचे पूर्ण नाव विचारून घेतो. जिथे त्याचे येणे निघते त्या वहीत तेवढे नाव लिहायचे राहिले आहे. शबरीला आपण नाव विचारले नाही. हिला तरी विचारू या.